शिष्यवृत्ती आणि अभ्यासक्रमाची निवड

बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनमधील अभ्यास चालू असतानाच तिची मुदत संपली आणि १९१७ साली शिक्षण अपुरे ठेवून त्यांना मायदेशी परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले, ते स्वतःची बचत आणि उसनवारी यांच्या बळावर. आर्थिक साहाय्य नेहमीच अभ्यासाचे स्वरूप व मुदत यांच्याशी बांधलेले असते, हे या इतिहासावरून कळते.

भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे. १९९० च्या कायदेदुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती लागू झाल्या. अडीच लाखांची वार्षिक उत्पन्नमर्यादा बहुतेक पालकांना ठाऊक असते. अभ्यासक्रमासंबंधीच्या अटी मात्र अनेकांना प्रवेशानंतरच कळतात.

अमेरिकेत विद्यार्थी एका सत्रात किती श्रेयांकांचे विषय घेतो, त्यावरून त्याचे सरकारी अनुदान कमी-अधिक होते. आपल्याकडे शिक्षणाचा टप्पा आणि पूर्णवेळ शिकणे यांना महत्त्व आहे. बी.ए. झाल्यावर बी.कॉम.ला, किंवा एका विषयात एम.ए. झाल्यावर दुसऱ्या विषयाच्या एम.ए.ला प्रवेश घेतल्यास तो टप्पा पुन्हा केल्यासारखे होते आणि शिष्यवृत्ती मिळत नाही. एक व्यावसायिक पदवी पूर्ण करून दुसरीकडे वळणाऱ्यासही हाच नियम आहे. पूर्णवेळ नोकरी करणाऱ्यास निर्वाहभत्ता हवा असेल, तर संपूर्ण शिक्षणकाळासाठी विनावेतन रजा घ्यावी लागते.

नंदनवनात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, महिला महाविद्यालय आहे. खेड्यातून येथे शिकायला येणाऱ्या मुलामुलींपुढे फीइतकाच खोलीभाड्याचा आणि मेसचा प्रश्न असतो. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाने २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू केली. नागपूरसारख्या शहरात भोजनासाठी ३२,००० रुपये, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,००० अशी वर्षाला ६०,००० रुपयांची तरतूद तीत ठरविण्यात आली. मात्र अभ्यासक्रम किमान दोन वर्षांचा असावा, विद्यार्थी स्थानिक नसावा आणि त्याची हजेरी ७५ टक्के असावी, अशा तिच्या अटी आहेत. घरच्या अडचणीमुळे दिवसभराचे काम धरणाऱ्या मुलाचे नाव पटावर राहते, पण हजेरी घटते. मग ज्या पैशाच्या आधारे तो शहरात राहतो, तोच आधार धोक्यात येतो.

म्हणून प्रवेशअर्ज भरण्यापूर्वीच पालकांनी तीन प्रश्न विचारावेत. हा अभ्यासक्रम मागच्या टप्प्याच्या पुढचा आहे काय? तो पूर्णवेळ व मान्यताप्राप्त आहे काय? मुलाला रोज वर्गात बसता येईल काय? शाखा बदलायची किंवा नोकरी धरायची झाल्यास आधी महाविद्यालयातील शिष्यवृत्ती विभागाकडे आणि समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी.

आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आज नोकरीत स्थिरावले आहेत. त्यांनी दरवर्षी जून महिन्यात दहावी-बारावी उत्तीर्ण झालेल्या एका तरी मुलाजवळ बसून हा हिशेब समजावून सांगावा. एका नियमाच्या अज्ञानापायी कोणाचे शिक्षण थांबू नये, एवढीच अपेक्षा. जय भीम!