दुहेरीची जोडी : आशा कशाच्या बळावर?

संध्याकाळच्या वेळी हुबळीच्या दुर्गदबैलात ज्यांचे जाणेयेणे असते, त्यांना गिरमिट-मिरचीच्या गाड्यांची ओळख करून देण्याचे कारण नाही. गाडीमागे दोन माणसांना जेमतेम उभे राहता येईल एवढीच जागा असते. एक जण कढईतल्या मिरच्या उलटीत असतो, दुसरा चुरमुऱ्यांत मसाला कालवीत असतो. गर्दी वाढली की चुरमुरेवाला कढईशी जातो आणि कढईवाला पैसे घ्यावयास पुढे येतो. पण या अदलाबदलीत एकाचे कोपर दुसऱ्यास लागत नाही. ‘आता तू सरक’ असे कोणी कोणास सांगतही नाही. बॅडमिंटनच्या दुहेरी खेळाविषयी आज आपणांस जे सांगावयाचे आहे, ते समजण्यास ही गाडी डोळ्यांपुढे असली म्हणजे पुरे.

2025 च्या ऑगस्टमध्ये पॅरिस येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धा संपली, तेव्हाच 2026 ची स्पर्धा नवी दिल्लीस भरविण्यात येणार असल्याचे जाहीर झाले. यापूर्वी 2009 साली ती हैदराबादेस भरली होती. घरच्या मैदानावर आपल्या जोड्यांना कितपत आशा धरता येईल, हा प्रश्न त्या दिवसापासून क्रीडारसिकांत निघू लागला. अशा वेळी पुष्कळ जण जागतिक क्रमवारीचा तक्ता काढून बसतात. तक्ता खोटा नसतो. परंतु जोडीचे बळ जाणण्यास तो अपुरा पडतो. का अपुरा पडतो, ते पाहू.

बॅडमिंटन हा तसा आपल्या घरचाच खेळ. 1870 च्या दशकात पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकारी तो खेळत, आणि ‘पूना’ हे त्याचे एक जुने नाव होते. पुढे सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी 1956 साली क्वालालंपूर येथे विजेतेपद मिळविले. परदेशातील आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू होत. ही परंपरा मोठी असली, तरी तिचा ओढा एकेरीकडे राहिला. 1983 साली कर्नाटकाच्या प्रकाश पदुकोणांनी जागतिक स्पर्धेतील भारताचे पहिले पदक आणले. तेव्हापासून 2025 पर्यंत भारताला या स्पर्धेत एकूण 15 पदके मिळाली. त्यांपैकी दुहेरीची अवघी 3, आणि तिन्ही कांस्य. आमच्या क्लबांतून संध्याकाळी जागेच्या टंचाईने चौघेचौघे दुहेरीच खेळतात, पण मुलाला शिक्षण द्यावयाचे ठरले की ते एकेरीचे, असा आपला शिरस्ता आहे. त्याचाच हा हिशेब म्हणावयास हरकत नाही.

आता दुहेरीचे तंत्र पाहा. एकेरीचे मैदान रुंदीला 5.18 मीटर असते, दुहेरीचे 6.10 मीटर. रुंदी मीटरभरच वाढली, आणि माणसे मात्र दुप्पट झाली. म्हणजे मोकळी जागा शोधून फूल टाकणे कठीण. जागा प्रतिपक्षाकडून निर्माण करवून घ्यावी लागते. हल्ला करावयाचा असेल तेव्हा जोडीतला एक मागे राहून स्मॅश मारतो व दुसरा जाळीशी उभा राहून परतलेले फूल मारावयास टपलेला असतो. बचाव करावयाचा असेल तेव्हा दोघे शेजारी-शेजारी उभे राहून निम्मेनिम्मे मैदान सांभाळतात. एका स्थितीतून दुसरीत जाण्यास क्षणाचाही अवधी नसतो, आणि प्रत्येक गुणाच्या खेळात हे स्थित्यंतर अनेकदा घडते. दोघांपैकी एकाला जरी हे अर्ध्या पावलाने उशिरा कळले, तरी दोघांच्या मधोमध वाट मोकळी होते आणि फूल तेथून निघून जाते. गाडीमागच्या त्या दोघांची आठवण येथे व्हावी.

दुसरी गोष्ट सर्व्हिसची. दुहेरीत पहिल्या तीन-चार फटक्यांतच कोण हल्ला करणार आणि कोणाला बचाव करावा लागणार, हे पुष्कळदा ठरून जाते. 2018 पासून आलेल्या नियमानुसार सर्व्हिस करताना संपूर्ण फूल जमिनीपासून 1.15 मीटरच्या खाली असावे लागते. उंच खेळाडूला हे सोपे नाही. म्हणून जोडीची पारख करणाऱ्याने तिचा सर्वांत जोरकस स्मॅश पाहण्याआधी तिची सर्व्हिस पाहावी, आणि तीही दोन्ही बाजूंचे 18-18 गुण झालेले असताना.

सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि चिराग शेट्टी या जोडीची हकीकत या दृष्टीने बोधप्रद आहे. एक आंध्रातील अमलापुरमचा, दुसरा मुंबईचा. मलेशियाचे प्रशिक्षक तान किम हर यांनी त्यांना एकत्र आणले तेव्हा दोघेही मागून जोरकस फटके मारणारे होते. जाळीशी उभे राहण्याची सवय कोणासच नव्हती. दोन उत्तम मारेकऱ्यांची बेरीज केली म्हणजे उत्तम जोडी होते, असा समज असेल तर तो येथे टिकत नाही. चिरागला जाळीजवळचा खेळ नव्याने शिकावा लागला. ही मोडतोड आणि जुळणी वर्षानुवर्षे चालली. 2021 नंतर डेन्मार्कच्या माथियास बो यांनी तिला वळण दिले. फळे आली ती त्यानंतर. 2022 साली थॉमस चषक जिंकणाऱ्या भारतीय संघात ही जोडी होती. त्याच वर्षी जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळाले. 2023 साली आशियाई अजिंक्यपद, इंडोनेशियातील मोठी स्पर्धा आणि हांगचौ येथील आशियाई खेळांचे सुवर्णपदक, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जागतिक क्रमवारीतील पहिले स्थान.

परंतु याच जोडीच्या इतिहासात भाकितांची मर्यादाही दिसते. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, 2021 साली, तिने तैवानच्या ली यांग व वांग ची-लिन यांना तिसऱ्या डावात 27-25 असे हरविले. गटातील तीनपैकी दोन सामने जिंकूनही डावांच्या हिशेबात ती बाहेर पडली. आणि तिच्याकडून हरलेल्या त्याच तैवानी जोडीने पुढे सुवर्णपदक पटकाविले! पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये, 2024 साली, मलेशियाच्या आरोन चिया व सोह वूई यिक यांच्याविरुद्ध पहिला डाव 21-13 असा जिंकल्यावर उरलेले दोन्ही डाव आणि पदकाची आशा हातची गेली. पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत याच मलेशियन जोडीस सात्विक-चिरागनी सरळ दोन डावांत हरविले, पण उपांत्य फेरीत चीनच्या जोडीपुढे तिसरा डाव निसटला. कांस्यपदक दुसऱ्यांदा पदरी आले. या साऱ्यांतून एक गोष्ट ध्यानात येते. पहिल्या दहा जोड्यांत कौशल्याचे अंतर फार थोडे असते. निवाडा व्हावयाचा तो तिसऱ्या डावाच्या उत्तरार्धात, जेव्हा पाय थकलेले असतात आणि जोडीदाराच्या चुकीवर चेहऱ्याने काय बोलावे याचीही परीक्षा असते.

स्त्रियांच्या दुहेरीत वर्ध्यास जन्मलेली ज्वाला गुट्टा आणि कर्नाटकाची अश्विनी पोनप्पा यांनी 2011 साली लंडनला कांस्यपदक मिळविले. पदुकोणांनंतर 28 वर्षांनी भारताला मिळालेले ते पहिले जागतिक पदक होय. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांचा हा संगम सीमाभागातील आपणां सर्वांस आवडावा असाच आहे. त्यानंतर ट्रीसा जॉली आणि गायत्री गोपीचंद यांनी ऑल इंग्लंड स्पर्धेची उपांत्य फेरी 2022 आणि 2023 अशी लागोपाठ दोन वर्षे गाठली. तरीही 2025 पर्यंत ज्वाला-अश्विनींच्या त्या पदकाला स्त्रियांच्या दुहेरीत जोड मिळालेली नव्हती.

येथे कोणी विचारील, की जोडी जुळावयास वर्षे लागतात, तर कोरियाच्या किम वोन-हो व सेओ स्युंग-जे यांनी 2025 साली नव्याने एकत्र येऊन त्याच वर्षी जागतिक विजेतेपद कसे जिंकले? शंका रास्त आहे. मात्र हे दोघे अशा देशात वाढले, जेथे दुहेरी हा लहानपणापासून शिकविला जाणारा स्वतंत्र विषय आहे. तेथे जोडीदार बदलला तरी दोघांनी शिकलेली रीत एकच असते. आपल्याकडे ती रीत प्रत्येक जोडीला मुळापासून घडवावी लागते. म्हणून आपल्या देशात एका पराभवापायी जोडी मोडणे अधिक महाग पडते. दोन खेळाडू वेगळे झाले म्हणजे केवळ एक जोडी जात नाही. त्यांनी मिळून जमविलेली पाच-सात वर्षांची समजूतही जाते, आणि तिचा वारसा कोणास देता येत नाही.

तेव्हा जागतिक स्पर्धेच्या तोंडावर कोणी आपणांस ‘आपली जोडी जिंकेल काय?’ असे विचारले, तर तक्त्याबरोबर आणखी चार प्रश्न विचारावे. सर्व्हिस अडचणीच्या वेळी टिकते काय? हल्ल्यातून बचावात जाताना मधली वाट उघडी पडते काय? तिसऱ्या डावात दोघांचे अंग आणि मन साथ देते काय? आणि गेल्या पराभवानंतर दोघे एकत्र राहिले आहेत काय? या चारांची उत्तरे अनुकूल असतील, तर आशा धरण्यास जागा आहे. पदक मिळेल असे वचन मात्र त्यातून निघत नाही. टोकियोचा अनुभव आपल्यापुढे आहेच.

श्रोतेहो, सामना पाहताना आपली नजर बहुधा फुलामागे धावते. पुढच्या वेळी थोडा वेळ ती, फूल ज्याच्याकडे नाही, त्या खेळाडूवर ठेवून पाहा. तो कोठे सरकतो, केव्हा सरकतो, हे दिसू लागले की जोडीचे बळ आपले आपणांसच कळू लागेल. आणि आपल्या गल्लीतील दोन मुले बरोबर खेळावयाची हौस धरून असतील, तर एका सामन्यात हरली म्हणून त्यांची फारकत करू नका. त्यांना आणखी काही वर्षे एकाच बाजूला उभे राहू द्या.