नव्या संकेतस्थळासाठी योग्य थीमची निवड

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

- थीम आणि मजकूर यांतील फरक स्पष्ट करणे.
- संकेतस्थळाच्या वाचकांवरून आणि कामावरून थीमच्या गरजा ठरवणे.
- देवनागरी मजकूर, मोबाईल, वेग आणि सुलभता या चार कसोट्यांवर थीम तपासणे.
- थीम किती काळ टिकेल याचा अंदाज घेणे.

१. प्रस्तावना

समजा, महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालय आहे. त्यांना स्वतःचे संकेतस्थळ हवे आहे आणि ते काम तुमच्याकडे प्रकल्प म्हणून आले आहे. वाचनालयाची वेळ, नव्या पुस्तकांची यादी, अभ्यासिकेतील जागा आणि वार्षिक सभेची सूचना एवढे त्यावर दिसायला हवे. तुम्ही वर्डप्रेस घेता आणि थीम शोधू लागता. हजारो थीम समोर येतात. प्रत्येकीच्या डेमोमध्ये सुंदर छायाचित्रे, मोठी इंग्रजी अक्षरे आणि भरपूर मोकळी जागा असते. त्यांतली सर्वांत देखणी थीम उचलावी असे वाटणे साहजिक आहे.

मात्र थीमच्या निवडीतील बहुतेक चुका इथेच होतात. डेमो हा थीम तयार करणाऱ्याने आपल्या थीमला शोभेल अशा मजकुरावर बेतलेला असतो. तुमचा मजकूर वेगळा असतो, तुमची लिपी वेगळी असते आणि तुमच्या वाचकाच्या हातातला फोनही वेगळा असतो. म्हणून या घटकात आपण एकच सूत्र धरून पुढे जाणार आहोत : थीमची परीक्षा डेमोवर नव्हे, आपल्या स्वतःच्या मजकुरावर घ्यायची.

२. थीम म्हणजे काय?

संकेतस्थळावर काय लिहिले आहे हा झाला मजकूर. तो कसा दिसतो, म्हणजे रंग, अक्षरे, रकाने आणि पानाची मांडणी, हे थीम ठरवते. वर्डप्रेसमध्ये मजकूर डेटाबेसमध्ये साठवला जातो आणि थीमच्या फाइली स्वतंत्र असतात. त्यामुळे थीम बदलली तरी लेख आणि सूचना जागेवर राहतात. वर्डप्रेसची सुरुवात २००३ मध्ये झाली आणि आज आपण वापरतो ती थीमची पद्धत २००५ मधील १.५ या आवृत्तीपासून आली.

ही विभागणी समजण्यासाठी ‘सीएसएस झेन गार्डन’ हा २००३ मधील प्रकल्प जरूर पाहावा. त्यात एचटीएमएलचे पान एकच असते. केवळ सीएसएस फाइल बदलून वेगवेगळ्या कलाकारांनी त्या पानाला शेकडो रूपे दिली. मजकूर तोच ठेवून रूप किती बदलता येते, हे त्यातून चटकन लक्षात येते.

३. आधी गरजांची यादी

थीम शोधायला लागण्यापूर्वी कागदावर तीन प्रश्नांची उत्तरे लिहा.

*वाचक कोण?* वाचनालयाच्या उदाहरणात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले, ज्येष्ठ सभासद आणि पालक हे वाचक आहेत. यांतले बरेच जण साध्या मोबाईलवर पान उघडतील.

*ते कशासाठी येणार?* आज वाचनालय उघडे आहे का, किती वाजेपर्यंत उघडे आहे, हवे ते पुस्तक आले का, हे पाहायला. म्हणजे वेळ आणि ताजी सूचना पहिल्याच पडद्यावर दिसली पाहिजे. पाच सरकत्या चित्रांची पट्टी मध्ये आली, तर वाचकाच्या कामाची गोष्ट खाली ढकलली जाते.

*मजकूर कोण भरणार?* तुमचा प्रकल्प संपेल, तुम्ही पदवी घेऊन जाल. त्यानंतर ग्रंथपालच सूचना टाकणार आहेत. त्यांना रोज छायाचित्र मिळणार नाही. जी थीम प्रत्येक नोंदीसाठी मोठे चित्र मागते, तिच्यात चित्र नसेल तेथे रिकामी राखाडी चौकट उरते. महिन्याभरात पान ओसाड दिसू लागते.

४. देवनागरीची कसोटी

बहुसंख्य थीम रोमन लिपी समोर ठेवून घडवलेल्या असतात. मराठी मजकूर घातल्यावर पुढील अडचणी येऊ शकतात.

*(अ) फॉन्ट.* थीमसोबत येणाऱ्या फॉन्टमध्ये अनेकदा देवनागरी अक्षरेच नसतात. मग ब्राउझर उपकरणावरचा दुसरा फॉन्ट वापरतो. अनेक अँड्रॉइड फोनवर तो नोटो सान्स देवनागरी असतो, तर आजच्या विंडोजवर निर्मला यूआय. डेमोतले देखणे अक्षर आपल्या पानावर दिसत नाही ते यामुळे. उपाय म्हणून मुक्त, हिंद, बालू यांसारखे देवनागरीसाठी आखलेले मोफत फॉन्ट जोडता येतात. थीममध्ये फॉन्ट बदलण्याची सोय आहे की नाही, हे म्हणूनच आधी पाहावे.

*(आ) अक्षरांतील अंतर.* मेन्यूतील इंग्रजी शब्द उठून दिसावेत म्हणून काही थीम अक्षरांमध्ये जादा अंतर ठेवतात. देवनागरीत त्यामुळे शिरोरेषा तुटते आणि ‘वाचनालय’ हा एक शब्द सुट्या अक्षरांची रांग होतो. हे अंतर शून्य करता आले पाहिजे.

*(इ) ओळींतील अंतर.* देवनागरीत वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार वर जातात, उकार आणि जोडाक्षरांचे भाग खाली उतरतात. मोठ्या मथळ्यांसाठी अनेक थीम ओळीची उंची अक्षराच्या १.१ किंवा १.२ पट ठेवतात. तेवढ्यात वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडतात, कधी कापल्याही जातात. चालू मजकुरासाठी १.६ ते १.८ पट उंची वाचायला बरी पडते.

*(ई) मथळ्याची लांबी.* डेमोत तीन इंग्रजी शब्दांचा मथळा एका ओळीत मावतो. ‘सार्वजनिक वाचनालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना’ हा मथळा मोबाईलवर तीन-चार ओळी घेईल. तेव्हा मांडणी मोडते का, हे पाहावे.

*(उ) थीमचे स्वतःचे शब्द.* ‘पुढे वाचा’, ‘शोधा’, ‘मागील नोंद’ असे शब्द थीममधून येतात. ते भाषांतरित करता येत नसतील, तर मराठी पानावर मधूनच इंग्रजी बटणे उरतात.

तपासणीसाठी एक लहान शब्दसंच जवळ ठेवा : वाङ्मय, कुऱ्हाड, ॲप, मूर्ती, सर्वांत, कर्तृत्व, दृष्टी, बाळकृष्ण. हे शब्द मथळ्यात, मेन्यूत आणि परिच्छेदात घालून पाहा. हिंदी, कोकणी किंवा नेपाळीत काम करणाऱ्यांनी आपापल्या भाषेतले शब्द निवडावेत. बंगाली, तमिळ, मल्याळम अशा लिप्यांसाठीही असाच संच करता येतो.

५. मोबाईल आणि वेग

पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलणाऱ्या रचनेला रिस्पॉन्सिव्ह रचना म्हणतात. ईथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये ही संकल्पना मांडली. आज जवळपास प्रत्येक थीम स्वतःला रिस्पॉन्सिव्ह म्हणवते, त्यामुळे तेवढ्यावर निवड करता येत नाही. प्रत्यक्ष फोनवर पान उघडून मेन्यू अंगठ्याने सहज उघडतो का, तक्ता पडद्याबाहेर जातो का, हे पाहावे लागते.

वेगाचे गणित सोपे आहे. मोठी चित्रे आणि हलत्या दृश्यांची थीम असेल, तर मुख्य पान ३ मेगाबाइटचे होऊ शकते. १ बाइट म्हणजे ८ बिट, म्हणून ३ मेगाबाइट म्हणजे २४ मेगाबिट. वाचकाला सेकंदाला २ मेगाबिट वेग मिळत असेल, तर ते पान पूर्ण उतरायला किमान १२ सेकंद लागतील. साध्या थीमचे पान अर्ध्या मेगाबाइटचे असेल, तर तेच काम २ सेकंदांत होते. गूगलच्या मापदंडानुसार पानावरील सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांच्या आत दिसावा. क्रोम ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये जोडणीचा वेग मुद्दाम कमी करून पान उघडता येते. महाविद्यालयाच्या वेगवान वाय-फायवर घेतलेली चाचणी गावातल्या वाचकाचा अनुभव सांगत नाही.

६. सुलभता

ज्येष्ठ, कमी दिसणारे किंवा माऊस वापरू न शकणारे वाचकही संकेतस्थळावर येतात. डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या एए पातळीनुसार साधा मजकूर आणि पार्श्वभूमी यांतील विरोधाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे. मोठ्या अक्षरांसाठी ते ३ : १ चालते. पांढऱ्यावर ‘९९९९९९’ या संकेताच्या फिकट राखाडी रंगाचे प्रमाण सुमारे २.८५ : १ भरते, म्हणजे ते अपुरे आहे. ‘७६७६७६’ हा गडद राखाडी ४.५४ : १ भरतो आणि कसाबसा उत्तीर्ण होतो. नाजूक दिसावे म्हणून फिकट अक्षरे वापरणाऱ्या थीम इथे नापास होतात.

आणखी दोन सोप्या चाचण्या करा. फक्त टॅब कळ दाबत संपूर्ण पानावर फिरा. आपण कोठे आहोत ते प्रत्येक वेळी दिसले पाहिजे. मग पान २०० टक्के मोठे करा. मजकूर कापला जाऊ नये. भारतात सरकारी संकेतस्थळांसाठी जीआयजीडब्ल्यू ही मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत आणि त्यांतही सुलभतेवर भर आहे. तुमचे संकेतस्थळ सरकारी नसले, तरी ती तपासणीला उपयोगी पडतात.

७. थीम किती काळ टिकेल?

वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहात प्रत्येक थीमच्या पानावर शेवटच्या सुधारणेची तारीख, सक्रिय वापराचा आकडा आणि आवश्यक पीएचपी आवृत्ती दिलेली असते. दोन-तीन वर्षांत हात न लागलेली थीम टाळावी. सशुल्क थीमची चोरून फुकट वाटलेली प्रत कधीही घेऊ नये. ते बेकायदेशीर असू शकतेच, शिवाय अशा प्रतींत घातक कोड लपवलेला असू शकतो.

काही थीम पानाची बांधणी, पुस्तकांची यादी, अर्ज असे सर्व काही स्वतःच्याच खास संकेतांत बांधून देतात. सुरुवातीला ते सोयीचे वाटते. पुढे थीम बदलली, की पानांवर चौकटी कंसांतील निरर्थक शब्द उरतात. म्हणून दिसण्याचे काम थीमकडे आणि यादी किंवा अर्जासारखी कामे प्लगइनकडे ठेवावीत. थीमच्या फाइलींत थेट बदलही करू नयेत, कारण पुढच्या सुधारणेत ते पुसले जातात. त्यासाठी चाइल्ड थीम वापरावी.

८. उदाहरणाचा निर्णय

आता वाचनालयासाठी दोन थीम शेवटी उरल्या आहेत असे माना. पहिलीत पूर्ण पडद्याची सरकती चित्रे आहेत. दुसरी साधी आहे : वर नाव आणि वेळ, खाली सूचनांची यादी. दोन्हींत आपण वाचनालयाच्या दहा खऱ्या सूचना, त्यांचे खरे मथळे आणि फोनवर काढलेली दोन छायाचित्रे घातली. पहिलीत आठ चौकटी रिकाम्या राहिल्या, मेन्यूतील शिरोरेषा तुटली आणि वाचनालयाची वेळ शोधायला तीनदा खाली सरकावे लागले. दुसरीत फक्त फॉन्ट आणि ओळींतील अंतर बदलावे लागले. डेमोत पहिली सरस होती, तरी वाचनालयासाठी निवड दुसरीची होते.

निर्णय पक्का करण्यापूर्वी एक शेवटची चाचणी घ्या. ग्रंथपालांना शेजारी बसवा आणि तुम्ही हात न लावता त्यांना एक सूचना प्रसिद्ध करू द्या. ते जिथे अडतील तिथे नोंद करा. तुम्ही गेल्यानंतरही संकेतस्थळ चालू राहील की नाही, हे त्या नोंदींवरून कळते.

सारांश

थीम मजकुराचे रूप ठरवते, म्हणून तिची पारख मजकुरानेच करावी. वाचक, त्याचे काम आणि मजकूर भरणारी व्यक्ती यांचा विचार आधी करावा. त्यानंतर लिपी, मोबाईल, वेग, सुलभता आणि टिकाऊपणा तपासावा.

सरावासाठी प्रश्न

१. थीम बदलल्यावर मजकूर का टिकून राहतो? तो केव्हा बिघडू शकतो?
२. १.५ मेगाबाइटचे पान सेकंदाला २ मेगाबिट वेगाने उतरायला किमान किती वेळ लागेल?
३. कोणतीही एक मोफत थीम घ्या. तिच्यात आपल्या भाषेतील पाच खऱ्या नोंदी घाला आणि आढळलेल्या त्रुटींची यादी करा.
४. आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी थीम निवडताना कोणत्या तीन गरजा सर्वांत आधी मांडाल? कारणे द्या.