गालिच्याची निगा आणि गृहस्थाची जयणा

पेढीवरची पांढरीशुभ्र बैठक, लोड-तक्के, खाली अंथरलेले जाजम आणि मांडीशी उघडलेली चोपडी, हे जुन्या व्यापारी घराचे परिचित चित्र होय. त्या बैठकीला एक शिस्त असे. खोळी ठरलेल्या दिवशी उतरत, जाजम दोघे जण कोपरे धरून झटकीत आणि खालची फरशी पुसल्यावाचून ते पुन्हा अंथरले जात नसे. पुढे पेढीची जागा कार्यालयाने घेतली, घरातील बैठकीच्या जागी सोफा आला आणि सोफ्यासमोर गालिचा पसरला गेला. मात्र झटकण्याची ती शिस्त त्याच्याबरोबर आली नाही. कित्येक घरांत गालिचा वर्षानुवर्षे जड फर्निचरखाली दबून राहतो आणि रंगकामाच्या निमित्ताने उचलला की खालच्या बाजूस लोकर झडून नुसता दोरा उरलेला आढळतो.

यात दोन प्रकारची हानी होते. एक द्रव्याची आणि दुसरी व्रताची. पहिली सहज ध्यानात येते. दुसरीचा विचार सहसा केला जात नाही.

गालिचा किती काळ टिकतो?

१९४९ साली सायबेरियातील अल्ताई पर्वतात, पाझिरिक येथील एका थडग्यात पुरातत्त्वज्ञ सेर्गेई रुदेन्को यांना गाठी मारून विणलेला एक लोकरी गालिचा सापडला. सुमारे १८३ सेंटिमीटर रुंद व २०० सेंटिमीटर लांब असा हा गालिचा इसवी सनापूर्वीच्या पाचव्या-चौथ्या शतकातील मानला जातो. त्यावरील हरणे आणि घोडेस्वार आजही स्पष्ट दिसतात. सध्या तो सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. थडग्यात शिरलेले पाणी गोठले आणि बर्फाने त्याला उजेड, धूळ, बुरशी व कीड या चारही शत्रूंपासून दूर ठेवले, म्हणून तो इतकी शतके टिकला. लोकरीचा नाश वयाने होत नाही. या चार कारणांनी होतो आणि घरात या चारही गोष्टींवर बऱ्याच अंशी नियंत्रण ठेवता येते.

गालिच्यामागील श्रमांचा हिशेबही एकदा मांडून पाहावा. सहा फूट बाय नऊ फुटांच्या गालिच्याचे क्षेत्रफळ ५४ चौरस फूट, म्हणजे ७,७७६ चौरस इंच होते. चौरस इंचाला २०० गाठी धरल्या तर एकूण गाठी १५,५५,२०० भरतात. एका कारागिराने दिवसाला ६,००० गाठी मारल्या असे धरले, तरी एकट्याला २५९ दिवस लागतील. उत्तर प्रदेशातील भदोही-मिर्झापूर पट्टा आणि काश्मीर येथे हे काम आजही हातांनी होते. भदोहीच्या हातविणीच्या गालिच्यांना २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रालाही ही कला परकी नाही. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या येरवडा कारागृहात गालिचे विणले जात.

माल ओळखल्याशिवाय निगा नाही

व्यापाऱ्याच्या घरी हे वेगळे सांगावयास नको. तरीही गालिच्याच्या बाबतीत भलेभले फसतात. गालिचा उलटून पाहावा. मागील बाजूस पुढचीच नक्षी स्पष्ट दिसत असेल आणि एकेक गाठ मोजता येत असेल, तर तो हातगाठीचा समजावा. मागे कापड चिकटविलेले असेल, तर तो टफ्टेड होय. त्यातील लोकर गाठीने नव्हे, तर रबरी चिकाने धरलेली असते. असा गालिचा पाण्यात भिजविला की तो चिक कालांतराने भुरभुरतो. दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी, लव नसलेली विणकामाची वस्तू ही सतरंजी. ती सुती असल्यास धुण्यास सर्वांत सोपी.

धाग्याची परीक्षा काठावरचा एखादा सुटा तंतू चिमट्यात धरून, सुरक्षित जागी जाळून करता येते. लोकर आणि रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो व राख बोटाने चुरगळते. व्हिस्कोस जळताना कागद जळल्यासारखा वास येतो. कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो. ‘आर्ट सिल्क’ किंवा ‘बांबू सिल्क’ या नावांनी विकला जाणारा माल बहुधा व्हिस्कोसच असतो. तो चमकतो, परंतु ओला होताच दुर्बळ होतो आणि वाळल्यावर पिवळट डाग धरतो. खऱ्या रेशमासाठी कोशातील जीवांचा घात होतो, म्हणून अनेक जैन कुटुंबे ते घरात आणीतच नाहीत. अशा ग्राहकाला तर ही परीक्षा दुहेरी उपयोगाची आहे.

धूळ: न दिसणारी कात्री

पायांबरोबर येणारी बारीक वाळू लवेच्या मुळाशी जाऊन बसते. तिच्या कडा धारदार असतात. वरून पाऊल पडले की ती कात्रीप्रमाणे तंतू कापते. वर्दळीच्या वाटेवर गालिचा आधी विरतो तो याच कारणाने. दाराबाहेर व दाराआत असे दोन पायपुसणे ठेवावेत आणि गालिच्यावर चप्पल घेऊन जाऊ नये. आठवड्यातून एकदा, वर्दळ असल्यास दोनदा, व्हॅक्यूम क्लीनर लवेच्या दिशेने फिरवावा. फिरता ब्रश बंद ठेवावा आणि झालरीवरून यंत्र नेऊ नये, कारण झालर ही शोभेची शिवण नसून गालिच्याच्या ताण्याचीच टोके असतात. महिन्यातून एकदा गालिचा उलटा करून मागूनही यंत्र फिरवावे. नव्या लोकरी गालिच्यातून पहिले काही महिने भुसा निघतो. तो दोष नव्हे. एखादा धागा वर आल्यास ओढू नये, कात्रीने समतल करावा.

दर सहा महिन्यांनी गालिचा अर्धा फिरवावा, म्हणजे पूर्वेची बाजू पश्चिमेस यावी. यामुळे झीज आणि उन्हाने रंग उडणे, दोन्ही समान वाटले जातात. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर दुपारी पडदा ओढलेला असावा.

कसर आणि अहिंसा

कापडाला लागणाऱ्या किडीला मराठीत कसर म्हणतात. लोकरी गालिच्याचे नुकसान मुख्यतः दोन कीटक करतात: एक लहान सोनेरी पतंग आणि दुसरा छोटा भुंगेरा. दोन्हींच्या अळ्याच लोकर खातात. लोकर ही केसांप्रमाणे केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असते आणि ते पचविण्याची शक्ती या अळ्यांत असते. सांडलेले अन्न, घाम आणि धूळ यांनी मळलेली लोकर त्यांना विशेष मानवते. पतंगाला अंधार व निवांतपणा लागतो. म्हणून कसर गालिच्याच्या मध्यभागी न लागता सोफ्याखाली, कपाटाखाली आणि गुंडाळून ठेवलेल्या घडीत लागते.

येथेच गृहस्थापुढे खरा प्रश्न उभा राहतो. कसर एकदा लागली की उरलेले सर्व उपाय हिंसेचे असतात. औषध फवारावे, कडक थंडीत गोठवावे किंवा तापवावे, प्रत्येक मार्गाने असंख्य त्रस जीवांचा घात होतो. शास्त्रकारांनी गृहस्थाची आरंभी हिंसा आणि संकल्पी हिंसा यांत भेद केला आहे. घरकामात नकळत घडणारी पहिली पूर्णपणे टळत नाही. जाणूनबुजून मारण्याची दुसरी टाळणे हे श्रावकाचे कर्तव्यच होय. परंतु ज्या घरात वर्षभर गालिचा उचललाच गेला नाही, त्या घराने प्रमादाने स्वतःला अशा ठिकाणी आणून ठेवलेले असते, की वस्तू टाकावी अथवा जीव मारावेत, याखेरीज तिसरी वाट राहत नाही. जीव उत्पन्नच होऊ नयेत अशी दक्षता म्हणजे जयणा. गालिच्याच्या बाबतीत ती पंधरा दिवसांतून एकदा सोफा सरकविण्याइतकी सोपी आहे.

डांबरगोळ्या हा त्यावर पर्याय नव्हे. त्यांची वाफ किडीलाच विषारी असते असे नाही. लहान मुले व तान्ही बाळे यांनाही ती बाधते. काही आनुवंशिक दोष असलेल्या नवजात बालकांत नॅफ्थलीनमुळे तांबड्या रक्तपेशी फुटतात. कडुनिंबाच्या पानांचा वापर परंपरेने होतो. तो करावा, परंतु त्यावर विसंबून झाडणे सोडू नये. एखादी अळी दिसलीच तर मऊ पुंजणीने अलगद कागदावर घेऊन बाहेर सावलीत सोडावी, त्याच दिवशी संपूर्ण गालिचा दोन्ही बाजूंनी साफ करावा आणि आसपासची लोकरी वस्त्रेही तपासावीत.

डाग

डाग पडताच चोळू नये, टिपावा. पांढरा सुती कपडा घेऊन बाहेरून आतल्या दिशेने टिपत जावे. त्यानंतर थंड पाण्यात लोकरीसाठीच्या सौम्य द्रव साबणाचे काही थेंब घालून पुन्हा टिपावे, मग साध्या पाण्याने. आधी कोपऱ्यात ओला पांढरा कपडा दाबून रंग सुटतो का ते पाहावे. धुण्याचा सोडा आणि ब्लीच यांना लोकरीजवळ येऊ देऊ नये. सोड्याने लोकर कडक व दुर्बळ होते आणि क्लोरीनच्या तीव्र ब्लीचमध्ये ती अक्षरशः विरघळते.

हळदीच्या डागावर साबण किंवा सोडा पडला की तो लाल होतो, हे गृहिणींना ठाऊक आहेच. पाण्याने टिपून तो भाग काही वेळ उन्हात ठेवला तर हळदीचा रंग फिका पडतो. मात्र गडद रंगाच्या गालिच्यावर हा उपाय बेताने करावा. तूप सांडल्यास मक्याचे पीठ भुरभुरून ते शोषून घ्यावे. ते पीठ त्याच दिवशी काढून टाकणे आवश्यक आहे, अन्यथा डाग गेला आणि किडीला अन्न मिळाले असे होते. रिठ्याचे पाणी लोकरीला सौम्य असते, पण त्याची तपकिरी छटा फिक्या रंगावर उतरू शकते. म्हणून तेथेही कोपऱ्यातील परीक्षा हवी.

पाणी आणि पावसाळा

लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओल हाताला न जाणवता धरून ठेवते. म्हणूनच वरून कोरडा वाटणारा गालिचा आत दमट असू शकतो. हवेतील आर्द्रता सत्तर टक्क्यांवर राहिली की बुरशी धरू लागते आणि मुंबई-कोकणात पावसाळ्यात ती सहज त्याहून अधिक असते. बुरशीला, म्हणजे लीलफूगेला, अनंतकाय मानणाऱ्या घराने पावसाळ्यात गालिचा धुण्याचा विचारही करू नये. आषाढात चातुर्मास सुरू होण्यापूर्वीच तो दोन्ही बाजूंनी स्वच्छ करून, पूर्ण वाळवून, लवेच्या दिशेने गुंडाळावा. घडी घालू नये. घडीवर ताणा मोडतो. वर प्लास्टिक नको, धुतलेली सुती चादर असावी, आणि गुंडाळी फरशीवर न ठेवता पाटावर ठेवावी. गुंडाळी महिन्यातून एकदा उलगडून पाहावी. विस्मृतीत गेलेली गुंडाळी ही कसरीला आमंत्रणच होय.

पूर्ण धुलाई दोन-तीन वर्षांनी, दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत, जाणत्या धुलाईवाल्याकडून करवावी. कोणते द्रव्य वापरणार, किती दिवस वाळविणार, हे आधी विचारावे. दारोदार फिरणाऱ्या, एका दिवसात नवा करून देतो म्हणणाऱ्याच्या स्वाधीन हातगाठीचा गालिचा करू नये.

नोंद

घरातील दागिन्यांची यादी असते, मुदत ठेवींची वही असते. गालिच्याची नोंद क्वचितच असते. खरेदीचे बिल, माप, धाग्याचा प्रकार, धुलाईच्या तारखा आणि पुढून-मागून काढलेली छायाचित्रे एका पाकिटात ठेवावीत. विमा, विक्री किंवा वाटणी, तिन्ही प्रसंगी हा कागद उपयोगी पडतो. त्याच कागदावर वर्षाचे वेळापत्रकही लिहावे: आठवड्याला झाडणे, पंधरवड्याला फर्निचर सरकविणे, महिन्याला उलटविणे, सहामाहीला फिरविणे, आषाढापूर्वी पूर्ण तपासणी. घसारा थांबविता येत नाही, हे प्रत्येक हिशेबनीस जाणतो. पण त्याचा दर कमी ठेवणे मालकाच्या हाती असते. आणि येथे तो दर कमी राखताना एकाही जीवाला इजा करावी लागत नाही.