अपुरी माहिती, पुरेसा निर्णय

भोसरीत भाड्याच्या गाळ्यात लेथ चालविणारा एखादा कारागीर डोळ्यांसमोर आणा. चाकणच्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणारा व्यापारी त्याला म्हणतो, "नवे सीएनसी मशीन घ्या, वर्षभर काम देतो. उत्तर शनिवारपर्यंत हवे." दर परवडेल काय? बिले वेळेवर निघतील काय? दोन वर्षांनंतरही हाच भाग लागेल काय? शनिवारपर्यंत यातले सगळे कळणे शक्य नाही.

अर्थशास्त्राची जुनी पुस्तके मात्र असे धरून चालतात की, माणसाला सर्व पर्याय ठाऊक असतात आणि त्यांतला सर्वोत्तम तो निवडतो. अमेरिकन विचारवंत हर्बर्ट सायमन यांनी हे अमान्य केले. माहिती अपुरी, वेळ थोडा आणि हिशेब करण्याची शक्तीही मर्यादित. म्हणून माणूस मनाशी एक पातळी ठरवितो आणि तिला उतरणारा पर्याय सापडला की शोध थांबवितो. या 'मर्यादित विवेका'च्या विचाराने अर्थशास्त्राला नवी दिशा दिली. सायमन यांना १९७८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ही मर्यादा फक्त लहान माणसाची नाही. आकुर्डीच्या बजाज ऑटोची 'चेतक' स्कूटर १९७२ साली आली. तिच्यासाठी गिऱ्हाईक वर्षानुवर्षे थांबत असे. पुढे लोक मोटारसायकलकडे वळले. २००७ साली आकुर्डीतील वाहन उत्पादन थांबले आणि २००९ साली कंपनीने स्कूटर सोडण्याचे जाहीर केले. त्यानंतर देशात स्कूटरचा खप पुन्हा वाढला आणि २०१९ साली तीच 'चेतक' विजेवर चालणारी होऊन परतली. एवढ्या मोठ्या कंपनीलाही पुढचे सगळे दिसत नाही. मोठी कंपनी दुसऱ्या मालावर तग धरते. पण ज्याच्या गाळ्यात एकाच गाडीचे भाग बनतात, त्याचे मशीन बंद पडते.

मग करावे काय? आमचे सांगणे असे की, पातळी सौदा समोर येण्याआधीच ठरवा आणि वहीत लिहा. मोह पडला की ती आपोआप खाली सरकते. काम निम्म्यावर आले तरी मशीनचा हप्ता निघेल काय, हे पाहा. मशीन दुसऱ्या मालालाही चालेल, असेच घ्या. उद्योग म्हणून नोंदणी करा. २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे बिल ४५ दिवसांच्या आत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. त्या व्यापाऱ्याचे काम आधी केलेल्या दोघातिघांशी मशवरा करा. आपल्याला न दिसणारे त्यांना दिसते.

एवढे जुळले तर होकार द्या, नाही तर नकार द्या. सर्व माहितीची वाट पाहत बसणाऱ्याचा शनिवार निघून जातो आणि काम शेजारच्या गाळ्यात जाते.