जपानी पाहुणे आणि चाकणचा रस्ता (लेखांक ६)

जपानमधून परदेशी जाणाऱ्यांची संख्या २०१९ मध्ये पहिल्यांदाच दोन कोटींवर गेली. कोविडनंतर ती पुन्हा तिथवर पोहोचलेली नाही. २०२४ मध्ये ती सुमारे १ कोटी ३० लाख होती. मुख्य कारण येनची घसरण. २०१२ मध्ये डॉलरला ८० येन पुरत असत, २०२४ च्या जुलैत १६० लागले. अमेरिकेतले हॉटेल जपान्याला दुप्पट महाग झाले. भारताचे तसे नाही. या काळात रुपयाही घसरला, त्यामुळे शंभर येनचे जिथे साठहून अधिक रुपये येत तिथे ५२ येऊ लागले. फटका आहे, पण झेपण्याजोगा.

शिवाय पुण्याजवळच्या पिंपरी-चिंचवड आणि चाकणला येणारा जपानी सहलीसाठी नव्हे, बहुधा यंत्रासाठी येतो. आकुर्डीच्या बजाजने कावासाकीशी हात मिळवला आणि १९८६ मध्ये केबी १०० ही मोटारसायकल रस्त्यावर आली. चाकणला ब्रिजस्टोनचा टायर कारखाना आहे. नवी लाइन बसवणे, साच्याची ट्रायल, पुरवठादाराचे ऑडिट ही कामे पडद्यावरच्या बैठकीत अर्धवटच होतात. माल जिथे घडतो त्या जागेला जपानी 'गेम्बा' म्हणतात, आणि दोष तिथे उभे राहूनच शोधायचा ही त्यांची शिस्त. म्हणून औपचारिक बैठका ऑनलाइन गेल्या तरी तंत्रज्ञांच्या फेऱ्या टिकतात. 'जपानी एक्सपर्ट येणार' म्हटले की शॉपफ्लोअरवर आदल्या दिवशी फाइव्ह-एसची (जागा नीटनेटकी ठेवण्याच्या जपानी पद्धतीची) झाडलोट सुरू होते, ती काही उगाच नाही.

या फेऱ्यांना ऋतूही आहेत. दोन्ही देशांचे आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असल्याने नियोजन जुळते. एप्रिलअखेर ते मेच्या आरंभीची गोल्डन वीकची सुट्टी आणि ऑगस्टच्या मध्यावरचा ओबोन सण या काळात मात्र पाहुणे विरळ होतात.

परिषदांची बाजू दुबळी आहे. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये आणि मोशीत प्रदर्शने भरतात, पण केवळ तेवढ्यासाठी तोक्योहून येणारे थोडे. कारखान्याच्या भेटीला जोडून प्रदर्शन पाहणे हाच नेहमीचा मार्ग.

व्हिसाची अडचण फारशी नाही. मार्च २०१६ पासून जपानी नागरिकांना व्यवसाय आणि परिषदेसाठीही आगमनानंतर व्हिसा मिळू लागला, तोही मुंबई-दिल्लीसारख्या मोजक्या विमानतळांवर. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर उतरणाऱ्याने ई-व्हिसा काढूनच यावे. खरी दमछाक पुढे. पुण्याहून जपानला थेट विमान नाही. मुंबईला उतरलेला पाहुणा द्रुतगती मार्गाने तळेगावपर्यंत सुखात येतो आणि चाकणच्या तळेगाव चौकात अवजड गाड्यांच्या रांगेत अडकतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि जपानच्या सरकारांनी दहा वर्षांत १० लाख कोटी येनची जपानी खासगी गुंतवणूक आणि पाच वर्षांत ५ लाख लोकांची ये-जा अशी उद्दिष्टे ठरवली. त्यातले चाकणच्या वाट्याला किती येईल, हे इथे जपानी भागीदारीच्या किती नव्या लाइन सुरू होतात त्यावर ठरेल. परिषदांच्या पत्रिकांवर तो अंदाज बांधू नये.