रिठ्याचं पाणी, अकिकाची ओपणी

ओपणी हातात घेतली की कारागीर बोलायचा थांबतो. लाकडी मुठीत बसवलेला अकिकाचा दगड, टोकाशी सुळ्यासारखा वाकलेला, वर्षानुवर्षांच्या वापराने डोळ्याच्या बुबुळासारखा गुळगुळीत झालेला. तो रिठ्याच्या पाण्यात बुडवायचा आणि पाटलीच्या कडेवरून एकाच दिशेने, एकसारखा दाब देत ओढायचा. पहिल्या ओढीला मळक्या पिवळ्या सोन्यावर केसाएवढी उजळ रेघ उमटते. दुसरी ओढ तिला खेटून, तिसरी दुसरीला खेटून. अर्ध्या तासाने अशा शेकडो रेघा एकमेकींत मिसळतात आणि कड पाण्यासारखी दिसू लागते.

चंद्रपुरात जटपुरा गेटच्या आत, एका अरुंद गल्लीतल्या दुकानाच्या पायरीवर बसून मी हे लहानपणापासून बघत आले. धनतेरसच्या आधीचे आठ दिवस तिथे पाय ठेवायला जागा नसे. नव्या डागांपेक्षा, म्हणजे दागिन्यांपेक्षा, जुन्यांना उजाळा द्यायलाच माणसं जास्त यायची. म्हातारे कारागीर एकदा म्हणाले होते, "घासून झिजते बाई, दाबून चमकते." या कामातला सगळा भेद त्या एका वाक्यात आहे, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

चमक म्हणजे सपाटी. खरखरीत धातूवर पडलेला उजेड दाही दिशांना विखुरतो म्हणून तो मंद दिसतो. ओरखडे मिलिमीटरच्या सुमारे दोन हजाराव्या भागाहून बारीक झाले की डोळ्याला ते जाणवत नाहीत आणि धातूचा आरसा होतो. तिथवर पोचायचे रस्ते दोन. एक घासण्याचा. आधी कानस, मग जाड पालिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. प्रत्येक पेपर आधीच्या ओरखड्यांना आडवा फिरवायचा, म्हणजे जुने ओरखडे गेले की नाहीत ते लगेच दिसतं. शेवटी मोटरवर फिरणारं कापडी चाक आणि त्याला लावलेला लाल मसाला. हा मसाला म्हणजे लोखंडाच्या गंजाचीच अतिबारीक भुकटी. या रस्त्यावर प्रत्येक पायरीला थोडा धातू निघून जातो.

दुसरा रस्ता ओपण्याचा. सोन्याची कठीणता मोजपट्टीवर अडीच, अकिकाची साडेसहा ते सात. कठीण आणि गुळगुळीत दगडाने मऊ धातू दाबला की त्याचे उंचवटे खोलगट भागात सरकतात. काहीच निघून जात नाही, असलेला धातूच जागा बदलतो, आणि दाबाने वरचा थर घट्ट होतो म्हणून ही चमक टिकतेही जास्त. रिठ्यातला फेसाळ अंश दगड आणि धातू यांच्यामध्ये वंगणासारखा राहतो. तो नसेल तर दगड अडकतो आणि ओरखडा पाडतो. पण ओपण्याला वेळ लागतो, मनगट लागतं, आणि बारीक नक्षीत दगड शिरत नाही. म्हणून जिथे सपाट कड किंवा पत्रा असेल तिथे ओपणी आणि जाळीदार कामाला पितळी तारेची कुंची, असं जुने कारागीर वाटून घेतात.

आमच्या भागात उजाळ्याला येणारं खरं अवघड काम सोन्याचं नसतं, ते रुपयांच्या माळेचं असतं. गडचिरोलीकडच्या गोंड आणि माडिया बायांच्या गळ्यात नाण्यांच्या माळा आजही दिसतात. अशी एक माळ मी हातात घेऊन बघितली आहे. लांबून सगळी नाणी सारखी, जवळून एकेकाचा रंग वेगळा. कारण नाण्यांवरच्या वर्षांत आहे. ब्रिटिश राणीच्या आणि तिच्यानंतरच्या राजांच्या काळातला जुना रुपया एक तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅम, आणि त्यात जवळपास 92 टक्के चांदी. दुसऱ्या महायुद्धात, 1940 साली, चांदी निम्म्यावर आली आणि उरलेल्यात मुख्यतः तांबं भरलं. 1947 चा रुपया तर शुद्ध निकेलचा, त्याला लोहचुंबक चिकटतं. म्हणजे एकाच दोऱ्यात तीन धातू. हवेतल्या गंधकाने जुना रुपया निळसर काळा पडतो, युद्धकाळातला तांब्यामुळे तपकिरी होतो, निकेलचा तसाच राखाडी राहतो.

अशी माळ सरसकट चाकावर धरणं हा गुन्हाच म्हणायचा. राणीचा चेहरा पुसला जातो आणि त्यासोबत कुणाच्या तरी आजीने बाजारातून आणलेल्या त्या नाण्याची ओळखही जाते. शहाणा कारागीर नाणी कोमट चिंचेच्या पाण्यात मिठाची चिमूट टाकून ठेवतो. चिंचेतलं आम्ल तांब्याचा गंज विरघळवतं, चांदीला मात्र फारसं शिवत नाही. त्यामुळे निम्म्या चांदीच्या नाण्यावरही वर चांदीचा पांढरा पापुद्रा उरतो. मग रिठ्याचं पाणी, मऊ कुंची, आणि उन्हात न ठेवता कापडाने टिपणं. अक्षरांच्या खोबणीतला काळा रंग तो मुद्दाम ठेवतो. तो काढला तर नाणं चपटं, मुकं दिसतं. उजाळा कुठे थांबवायचा हे कळणं माझ्या मते उजाळा देण्याइतकंच मोठं कसब आहे.

घरी चिंच आणि राख वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगते. गडचिरोली हा धानाचा मुलूख, तुसाची राख घरोघरी. पितळेच्या गुंडीला ती उत्तमच. पण तुसाच्या राखेत बहुतांश सिलिका असते, म्हणजे वाळूचीच जात, सोन्याचांदीपेक्षा कितीतरी कठीण. दागिन्याला राख लावली की तो स्वच्छ दिसतो खरा, पण त्यावर हजारो बारीक ओरखडे उठतात आणि पुढच्या वेळी मळ त्यांतच बसतो.

सोन्याचा रंग ही आणखी वेगळी विद्या. 22 कॅरेटच्या सोन्यात शंभरात जवळपास 92 भाग सोनं, बाकी तांबं आणि चांदी. डाग भट्टीत तापला की वरचं तांबं काळं पडतं. तो काळेपणा आम्लाच्या पाण्यात काढतात. जुन्या पद्धतीत सोरा, मीठ आणि तुरटी यांच्या मिश्रणात डाग उकळत. त्याने पृष्ठभागावरचं तांबं आणि चांदी निघून जाते, आणि वर जवळजवळ शुद्ध सोन्याचं कातडं राहतं. जुन्या दागिन्यांचा तो गाढ, लोण्यासारखा पिवळा रंग यातूनच यायचा. हे कातडं फारच पातळ असतं. घरी वर्षभर खरखरीत ब्रशने घासलं की ते झिजतं आणि खालचा फिका रंग वर येतो. मग "सोनं खोटं निघालं" म्हणून सोनारावर राग काढला जातो.

बोरमाळेला तर गरम पाणीही वर्ज्य. तिचे मणी आतून पोकळ, सोन्याचा पत्रा कागदासारखा आणि पोटात लाख भरलेली. ही लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या किड्यांनी स्रवलेली राळ, आणि ही तिन्ही झाडं आमच्या जंगलातली. 70 अंशांच्या आसपास लाख मऊ होते. उकळत्या रिठ्यात बोरमाळ टाकली तर मण्यांच्या भोकांतून लाख बाहेर येते आणि मणी बोटाच्या दाबाने चेपतात. चाकावर धरली तरी घर्षणाच्या उष्णतेने तेच होतं, शिवाय धागा चाकात गुंतला तर कारागिराचं बोट जायची भीती. नथीतले मोतीही सोन्याइतकेच मऊ आणि आम्लाला नाजूक, त्यांना चिंच दाखवायचीच नाही.

माझ्या आत्याच्या पाटल्यांची गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुपारची वेळ, घरात ती एकटी. दारावर दोन पोरं आली, पितळेचं भांडं फुकट चकाकून दिलं आणि पाटल्या मागितल्या. तिच्या डोळ्यांदेखत त्या एका द्रवात बुडवल्या, हळद लावून परत दिल्या. लखलखीत दिसत होत्या. दोन दिवसांनी तोलल्या तेव्हा प्रत्येकीत दोन ग्रॅमहून जास्त घट. तो द्रव म्हणजे अम्लराज, नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचं मिश्रण. सोनं विरघळवणारा हा द्रव जगाला जुन्या काळापासून ठाऊक आहे. पुढे त्यातून सोनं परत काढता येतं आणि तेवढं त्यांचं झालं. आत्या चार दिवस जेवली नव्हती. पैशाचं दुःख होतंच, पण आपण स्वतःच्या हाताने काढून दिल्या, हे तिला जास्त लागलं होतं.

प्रामाणिक कामातही सोनं पडतंच, फरक इतकाच की ते कुठे पडलं हे कारागीर जाणतो. कानशीखाली चामडं किंवा कापड पसरलेलं असतं, चाकामागे धूळ ओढणारी पेटी असते, हात धुतलेलं पाणी वेगळं साठवलं जातं. तरीही काही कण नालीत जातात, आणि त्यांच्यावर पोट असलेली माणसं आपल्याकडे आहेत. नदीची वाळू आणि सराफ्यातली माती लाकडी पाटीत धुऊन सोन्याचे कण वेगळे करणारे सोनझारी पूर्व विदर्भाला नवे नाहीत. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या 1916 च्या ग्रंथात त्यांच्यावर स्वतंत्र नोंद आहे. पाटी पाण्यात गोल फिरवत हलकी माती कडेवरून सोडायची आणि जड कण तळाशी राखायचे. एका बाजूला घट न होऊ देणारा ओपणीवाला, दुसऱ्या बाजूला झालेली घट वेचणारा सोनझारी, असा हा सगळा व्यवहार कणांचा आहे. त्यातल्या दुसऱ्या माणसाला आपण दागिन्यांच्या गोष्टीत कधी मोजलं नाही, याची मला खंत वाटते.

आता हॉलमार्कमुळे आणखी एक काळजी घ्यावी लागते. 1 एप्रिल 2023 पासून विक्रीच्या हॉलमार्क दागिन्यांवर सहा अक्षरी-अंकी खूण सक्तीची झाली. लेसरने कोरलेली ही खूण अगदी उथळ असते. चाकावर जोरात धरलेला डाग चमकतो आणि खूण पुसट होते. उजाळ्याला देताना ती कुठे आहे हे कारागिराला बोट लावून दाखवावं, आणि देताना-घेताना दोन्ही वेळा वजन आपल्यासमोर करून घ्यावं. चांगला कारागीर याचा राग मानत नाही. जटपुऱ्याच्या त्या दुकानात तर डाग पुढे केला की आधी काटाच समोर यायचा, आणि पाटीवर खडूने आकडा लिहिला जायचा.

आत्या आता पाटल्या कुणाकडेच देत नाही. वसुबारसेच्या आदल्या रात्री चार रिठे फोडून बिया काढते, टरफलं रात्रभर भिजवून ठेवते, सकाळी ते पाणी कोमट करते, आणि जुन्या मऊ धोतराच्या तुकड्याने एकेक पाटली एकाच दिशेने पुसत बसते. मागल्या दिवाळीला मी तिला एक लहानशी ओपणी आणून दिली. तिने ती आधी गालाला लावून बघितली, मग कडेवर एक ओढ घेतली. रेघ उमटली तशी माझ्याकडे न बघताच म्हणाली, "दिवा इकडे सरकव जरा."