‘थांब, मी बसवतो’ म्हणणाऱ्या मित्रापासून सावध!

टर्फवर रात्री दहाचा स्लॉट, वॉर्मअप शून्य आणि पहिल्याच ओव्हरला जोरदार डाइव्ह. खांदा निखळतो तो असाच. मग कुणीतरी ‘थांब, मी बसवतो’ म्हणत पुढे सरसावतो. व्हिडिओ पाहिलेला असतो ना! मंडळी, या मित्राला आधी लांब ठेवा.

खांदा म्हणजे गोळा आणि वाटी. पण वाटी इतकी उथळ, की गोळा तिच्यावर जेमतेम टेकलेला असतो. म्हणून तर हात चहूकडे फिरतो आणि मोठ्या सांध्यांमध्ये सर्वात जास्त वेळा निखळतो तोही खांदाच. हिसका देऊन बसवताना जवळची नस दुखावू शकते. हाडाला तडा गेला असेल तर विचारूच नका. हात झोळीत बांधा आणि थेट हॉस्पिटल गाठा. एक्स-रे काढून डॉक्टरच काय ते करतील. विशीत निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता चाळिशीतल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त असते. त्यामुळे दुखणं थांबलं म्हणून पुढच्याच रविवारी मॅच खेळणं महागात पडतं. फिजिओचे व्यायाम बोअर असतात, मान्य. तरी करा. (फ्रोझन शोल्डर बहुतेक चाळिशीनंतरचा, तो आई-बाबांसाठी सोडून देऊ.)

आता कोपर. ‘टेनिस एल्बो’ हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला तो सचिनमुळे. २००४ मध्ये त्याला हा त्रास सुरू झाला, २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. गंमत म्हणजे, हा त्रास होणाऱ्या बहुतेकांनी टेनिसची रॅकेट कधी हातातही धरलेली नसते. मनगट मागे उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे चिकटतात, तिथला स्नायुबंध सततच्या ताणाने झिजतो. चहाचा कप उचलतानाही कळ येते. नीरज चोप्राच्या कोपरावर मे २०१९ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली होती. जानेवारी २०२० मध्ये तो ८७.८६ मीटर फेकून परतला. टोकियोचं गोल्ड त्यानंतरचं.

आणि हो, ‘स्टुडंट्स एल्बो’ नावाचं दुखणं खरंच आहे! तासन्‌तास कोपर बाकावर टेकवून बसलं की टोकावर पाणी साचून लिंबाएवढी सूज येते. सूज लाल, गरम झाली किंवा ताप आला तर घरगुती लेप नको, डॉक्टर गाठा.

रात्री आडवं पडून, कोपर दुमडून रील्स बघताना करंगळीला मुंग्या येतात? कोपरामागची नस दबतेय. हात सरळ करा. मुंग्या रोजच यायला लागल्या किंवा पकड सैल वाटली, तर ऑर्थोपेडिककडे जा.